दीडशे स्तोत्रं आणि एका शब्दाचा विषय

बायबलमधल्या स्तोत्रसंहितेची एक यादी तुम्ही कदाचित कुठे ना कुठे पाहिली असेल. प्रार्थनेच्या छोट्या पुस्तिकांच्या शेवटच्या पानांवर ती असते, अभ्यासासाठी काढलेल्या जाडजूड बायबलांच्या मागे असते, आणि आता तर मोबाइलवर फिरतही असते. स्तोत्र २३ : भरवसा. स्तोत्र ५१ : पश्चात्ताप. स्तोत्र ९१ : संरक्षण. स्तोत्र १०० : उपकारस्तुती. एका स्तोत्राला एक विषय आणि एका विषयाला एक शब्द. मन दुखलं-खुपलं की यादी काढायची, शब्द शोधायचा, पुढचा आकडा बघायचा आणि ते स्तोत्र वाचायचं. आजीबाईच्या बटव्यासारखं.

मी या पुस्तकाकडे वळलो तो कवितेच्या ओढीनं, श्रद्धेनं नव्हे. पण एकदा ठरवून दीडशे दिवस रोज एक स्तोत्र वाचलं आणि वहीत त्याचा विषय एका ओळीत लिहीत गेलो. म्हणजे ही यादी करण्याचा उद्योग मीही केला आहे. त्यामुळे आज जे लिहितोय ते यादी करणाऱ्यांची थट्टा म्हणून नाही. स्तोत्राचा मुख्य आशय शोधावा, जरूर शोधावा. पण तो एका नामात पकडता येतो असं समजलं की नेमकं जे शोधायचं होतं तेच निसटतं, असं माझं मत झालं आहे. ते का, हे जरा सविस्तर सांगतो.

ज्यांचा या पुस्तकाशी परिचय नाही त्यांच्यासाठी थोडं. स्तोत्रसंहिता म्हणजे मूळ हिब्रू भाषेतली १५० गीतं. सगळ्यात लहान ११७ वं, अवघ्या दोन वचनांचं. सगळ्यात मोठं ११९ वं, १७६ वचनांचं. एकूण पाच भाग, आणि प्रत्येक भागाच्या शेवटी देवाच्या स्तुतीचा समारोप. क्रमांकांचा एक घोळ आहे तो आधीच सांगून ठेवतो. जुन्या ग्रीक भाषांतरात हिब्रूतलं ९ आणि १० मिळून एकच स्तोत्र धरलं आहे, त्यामुळे त्यापुढच्या बऱ्याच मोठ्या टप्प्यात आकडा एकानं मागे पडतो. लॅटिन परंपरेनं तीच मोजणी घेतली. म्हणून एखाद्या जुन्या कॅथलिक यादीत मेंढपाळाचं स्तोत्र २२ वं दिसलं तर छपाईची चूक समजू नका. मी इथे हिब्रूप्रमाणे, म्हणजे आजच्या मराठी बायबलात सापडतील तेच आकडे देतोय.

आता गंमत बघा. या पुस्तकाचं हिब्रू नाव 'तहिल्लीम', म्हणजे स्तुतिगीतं. आणि आत काय आहे? सगळ्यात मोठा गट विलापाचा, गाऱ्हाण्यांचा! आजारी माणूस, शत्रूंनी घेरलेला माणूस, मित्रांनी टाकलेला माणूस, लढाई हरलेलं राष्ट्र. शेवटची पाच स्तोत्रं निखळ स्तुतीची आहेत हे खरं, पण तिथपर्यंत पोचायला एकशे पंचेचाळीस ओलांडावी लागतात. म्हणजे अख्ख्या पुस्तकाला दिलेला एका शब्दाचा विषयच आतल्या निम्म्या मजकुराला लागू पडत नाही. की पडतो? ज्यांनी हे नाव दिलं त्यांना गाऱ्हाणं हाही स्तुतीचाच एक प्रकार वाटत असेल का? हा प्रश्न आपण बाजूला ठेवू, पुढे उपयोगी पडेल.

विषय ठरवण्याचा हा खटाटोप आजकालचा नाही, तो खुद्द स्तोत्रांच्या डोक्यावरच सुरू होतो. बऱ्याच स्तोत्रांना हिब्रूतच लहानसं शीर्षक आहे. (छापील बायबलांत संपादकांनी वरून जी शीर्षकं दिलेली असतात ती वेगळी आणि पुष्कळच नंतरची.) ७३ शीर्षकांत दावीदाचं नाव आहे, पण मुळात जो प्रत्यय आहे त्याचा अर्थ दावीदाचं, दावीदासाठी, दावीदाविषयी असा कसाही होऊ शकतो. त्यांतली १३ शीर्षकं दावीदाच्या आयुष्यातला एखादा प्रसंगही सांगतात. ५१ वं घ्या. बथशेबाच्या प्रकरणानंतर नाथान संदेष्टा दावीदाकडे आला तेव्हाचं, असं शीर्षक म्हणतं. विषय पश्चात्ताप, यात काही शंका नाही. पण शेवटची दोन वचनं वाचा. तिथे एकदम यरुशलेमचा तट बांधून काढण्याची विनंती येते. दावीदाच्या काळात तट कुठे पडला होता? त्याहून विशेष म्हणजे आधी सांगितलेलं असतं की देवाला बळी नकोत, मोडलेलं मन हवं. आणि या शेपटात म्हटलेलं असतं की तट उभा राहिला की मग यज्ञबली रुचतील. अनेक अभ्यासकांना वाटतं की ही दोन वचनं नंतर जोडली गेली. नगर उद्ध्वस्त झाल्यावर लोकांनी एका माणसाचा पश्चात्ताप आपल्या सगळ्यांचा करून घेतला.

३० व्या स्तोत्राची गोष्ट अशीच. आत एक माणूस बोलतो. मरणाच्या दारातून परत आलेला, रात्री रडलेला, सकाळी हसलेला. आणि शीर्षक काय? मंदिराच्या प्रतिष्ठापनेचं गीत. आत मंदिराचा उल्लेखही नाही. पुढे ज्यू परंपरेत हे स्तोत्र हनुक्का सणाशी जोडलं गेलं, कारण तो विटाळलेलं मंदिर पुन्हा शुद्ध केल्याचा सण. एका रोग्याचं बरं होणं हे मंदिराचं बरं होणं झालं. ९२ व्याचं शीर्षक म्हणतं शब्बाथाचं गीत, आणि आत शब्बाथ औषधालाही नाही. म्हणजे स्तोत्राचा विषय एक, त्याचा वापर दुसरा, आणि वापरामुळे विषयही हळूहळू सरकत जातो. अभंगांच्या बाबतीत आपण हे रोज बघतो. वैयक्तिक व्याकुळतेतून आलेला अभंग हजारो जण टाळ-मृदंगावर म्हणतात तेव्हा तो कोणा एकाचा राहत नाही.

चौथ्या शतकात आलेक्सांद्रियाचा बिशप अथनासियस यानं मार्सेलिनस नावाच्या माणसाला एक लांबलचक पत्र लिहिलं. मार्सेलिनस आजारपणातून उठत होता आणि स्तोत्रं वाचत होता. अथनासियसनं त्याला सांगितलं की अमुक प्रसंगी हे म्हण, तमुक प्रसंगी ते म्हण. आज मोबाइलवर फिरणाऱ्या याद्यांचे हे खापरपणजोबा म्हणायला हरकत नाही. पण त्या पत्रात आणखी एक गोष्ट आहे जी याद्यांत उरली नाही. त्याचं म्हणणं असं की ही स्तोत्रं म्हणणाऱ्याला आरशासारखी असतात, म्हणताना आपल्याच मनाच्या हालचाली त्यात दिसतात. हालचाली! हा शब्द मला महत्त्वाचा वाटतो.

विसाव्या शतकात या सगळ्याला शिस्त लावली ती हेर्मान गुंकेल या जर्मन अभ्यासकानं. १९२६ साली त्याचं स्तोत्रांवरचं मोठं भाष्य आलं. त्याचा मुद्दा असा की लेखक कोण आणि प्रसंग कोणता हे विचारत बसू नका, आधी प्रकार कोणता ते बघा. स्तुतिगीत, एकट्याचा विलाप, समाजाचा विलाप, एकट्याचं आभारगीत, राजाचं गीत. प्रत्येक प्रकार जगण्यातल्या एका ठरावीक जागी जन्मतो आणि प्रत्येकाची एक ठरावीक घडण असते. ओवी जात्यावर, पाळणा बारशाला, आरती देवापुढे, हे आपल्याला वेगळं शिकवावं लागत नाही, तसंच. विलापाची घडण साधारण अशी : हाक, गाऱ्हाणं, मागणं, भरवसा, आणि शेवटी स्तुतीचं वचन.

१३ वं स्तोत्र उघडून बघा. फक्त सहा वचनं. पहिल्या दोनांत एकच प्रश्न, कुठवर, असा चार वेळा. मग दोन वचनांत मागणं : बघ, उत्तर दे, डोळ्यांत उजेड घाल. आणि शेवटच्या दोनांत भरवसा आणि गाणं. आता या स्तोत्राचा एका शब्दातला विषय सांगा पाहू. दुःख म्हणाल तर शेवट सुटतो. भरवसा म्हणाल तर चार वेळा विचारलेला प्रश्न सुटतो. प्रार्थना म्हणाल तर मग दीडशेच्या दीडशे प्रार्थनाच आहेत, सांगितलं काय? या स्तोत्राचा आशय त्या दुःखात नाही आणि त्या भरवशातही नाही, तो मधल्या वाटेत आहे. चौथ्या आणि पाचव्या वचनाच्या मधे जी फट आहे, तिथे.

एकदा ही फट दिसायला लागली की सगळीकडे दिसते. ७३ व्यात बोलणारा माणूस आधी जळफळतो. वाईट माणसं धष्टपुष्ट, निर्धास्त, आणि आपण प्रामाणिक राहून रोज मार खातोय! सोळा वचनं असं चालतं. सतराव्यात तो मंदिरात जातो आणि तिथून सगळं उलटं दिसायला लागतं. २२ वं ख्रिस्ती वाचकांना वधस्तंभामुळे माहीत असतं, कारण मार्क आणि मत्तय यांच्या शुभवर्तमानांत येशूच्या तोंडी त्याची सुरुवात आहे. म्हणून यादीत त्याच्यापुढे 'दुःखसहन' असं लिहिलेलं असतं. पण एकतीस वचनांपैकी शेवटची दहा चक्क मेजवानीची आहेत. तिथे गरीब पोटभर जेवतात आणि अजून न जन्मलेल्यांपर्यंत ही वार्ता पोचेल असं म्हटलं जातं.

आणि सगळ्यांना पाठ असलेलं २३ वं? भरवसा हा शब्द चूक नाही. पण एक बारकावा बघा. पहिल्या तीन वचनांत देवाचा उल्लेख 'तो' असा आहे. तो नेतो, तो विसावा देतो. चौथ्या वचनात काळोखी दरी येते, आणि तिथे 'तो' अचानक 'तू' होतो. हिरव्या कुरणात माणूस देवाविषयी बोलत होता, काळोखात देवाशी बोलायला लागला. 'भरवसा' या लेबलाखाली ही गोष्ट सापडायची नाही, आणि माझ्या मते तीच त्या सहा वचनांचा गाभा आहे.

विषय आणि आशय यांची गल्लत कशी होते याचं सगळ्यात चांगलं उदाहरण म्हणजे १०५ आणि १०६ ही शेजारी-शेजारी असलेली जोडी. दोन्हींचा विषय एकच : इस्राएलचा इतिहास, मिसरमधून सुटका, रानातला प्रवास. यादीत दोन्हींपुढे 'इतिहास' लिहिलं तर चुकीचं ठरणार नाही. पण रानात आकाशातून लावे पक्षी आले ती गोष्ट दोन्हीकडे कशी येते बघा. १०५ व्यात लोकांनी मागितलं आणि देवानं दिलं, संपलं. १०६ व्यात तीच गोष्ट हावरेपणाची आहे, मागितलं ते मिळालं आणि पाठोपाठ रोगही आला. पहिल्यात लोकांची एकही कुरकुर नाही, दुसऱ्यात कुरकुरीशिवाय काही नाही. एकच घराणं, एकच आठवण. पण एक भाऊ सांगतो की बापानं शब्द कसा पाळला आणि दुसरा सांगतो की आपण कसा मोडला. दोघांना शेजारी बसवणाऱ्या संकलकाला हे नक्की कळत होतं. हाच इतिहास १३६ व्यातही येतो, पण तिथे प्रत्येक वचनाचा दुसरा अर्धा भाग म्हणजे एकच पालुपद आहे, सव्वीस वचनांत सव्वीस वेळा. तिथे इतिहास हा विषयसुद्धा उरत नाही, पालुपदच खरं.

त्या पालुपदातला कळीचा शब्द हिब्रूत 'हेसेद'. मराठीत त्याच्यासाठी दया, कृपा, करुणा, प्रेमदया असे वेगवेगळे शब्द वापरले गेले आहेत. दया म्हटलं की देणारा उंचावर बसलेला दिसतो. प्रेमदया म्हटलं की थोडा खाली उतरतो. मूळ शब्दात तर दिलेल्या शब्दाला जागण्याचा, नात्यातल्या निष्ठेचाही अर्थ आहे. म्हणजे भाषांतर बदललं की आशयाची छटा बदलते. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्ख्या बायबलचं मराठी भाषांतर एकहाती केलं. ते त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ साली प्रसिद्ध झालं. माझी सूचना अशी की आशय ठरवण्याआधी निदान दोन मराठी भाषांतरं शेजारी ठेवावीत. जिथे दोघांचे शब्द वेगळे पडतात तिथे थांबावं, बहुधा तिथेच काहीतरी दडलेलं असतं.

पालुपदाचा आणखी एक उपयोग. ४२ आणि ४३ ही आज दोन वेगळी स्तोत्रं आहेत, पण एकच धृपद पहिल्यात दोनदा आणि दुसऱ्यात एकदा येतं. त्यामुळे मुळात हे एकच गीत असावं असं बहुतेकांचं मत आहे. त्या धृपदात माणूस स्वतःच्या जिवालाच विचारतो की तू असा खचलास का. मनाशी बोलण्याची ही रीत 'मनाचे श्लोक' ऐकत वाढलेल्या माणसाला परकी वाटायचं कारण नाही. यादीत मात्र ४२ पुढे 'तहान' आणि ४३ पुढे 'न्याय' असे दोन वेगळे शब्द दिसतात, आणि एका माणसाची एक ओळखीची घालमेल मधोमध चिरली जाते.

इथवर वाचून कुणी म्हणेल, हे सगळं अभ्यासकी कौतुक झालं. एका शब्दाच्या यादीनं कुणाचं काय बिघडतं? बिघडतं. सांगतो.

आमच्या ओळखीच्या एक ख्रिस्ती बाई आहेत, आम्ही त्यांना मावशी म्हणतो. काही वर्षांपूर्वी त्यांचा तरुण मुलगा गेला. भेटायला येणारे आणि निरोप पाठवणारे, सगळ्यांनी त्यांना स्तोत्रं दिली. २३, ९१, १२१. भरवसा, संरक्षण, साहाय्य. देणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता. महिनाभरानं मी गेलो तेव्हा मावशी म्हणाल्या, "तू स्तोत्रांवर काहीतरी लिहीत बसतोस ना रे? शेवटी सगळं ठीक होत नाही, असं एखादं आहे का त्यात?"

मी म्हटलं, "आहे मावशी. अठ्ठ्याऐंशीवं."

दोन-तीन दिवसांनी त्यांचा फोन आला. "वाचलं. आमच्या पुस्तिकेत त्याच्यापुढे 'संकटात प्रार्थना' असं लिहिलंय. लिहिणाऱ्यानं शेवटपर्यंत वाचलं नसणार." मग थोडं थांबून म्हणाल्या, "मला एवढंच बघायचं होतं, की असं बोललेलं चालतं का."

८८ वं स्तोत्र दीडशेमधलं सगळ्यात काळं. १३ व्यासारखी फट त्यात नाही, ७३ व्यासारखं वळण नाही. माणूस रात्रंदिवस हाक मारतो, जिवलग दूर गेलेत, देवानं तोंड लपवलंय, आणि हिब्रूतला शेवटचा शब्द आहे अंधार. बस्स. पुढे काही नाही. ज्यांनी हा संग्रह केला त्यांना हे वगळता आलं असतं, निदान एखादं आशेचं वचन शेवटी चिकटवता आलं असतं. ५१ व्याच्या शेवटी दोन वचनं जोडली गेली असावीत हे आपण मघाशी पाहिलंच. इथे ते केलं नाही. अंधार अंधार म्हणूनच ठेवला आणि पुस्तकाचं नाव तरीही स्तुतिगीतं! म्हणजे ज्यांनी ते नाव दिलं त्यांच्या लेखी असं बोललेलं चालत होतं. नव्हे, ते स्तुतीतच धरलं जात होतं, कारण ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याच्याच दारात ती नेली आहे.

आता अशा स्तोत्रावर 'प्रार्थना', 'आशा', 'धीर' असली चिठ्ठी लावली की काय होतं? ज्याला त्याची खरी गरज आहे त्याला ते सापडतच नाही. आणि दुःखात बुडालेल्या माणसाला पुस्तकात सगळीकडे फक्त भरवसाच दिसतो, आणि आपल्यातच काही खोट आहे असं वाटायला लागतं. यादीचा शब्द चुकला तर एवढं बिघडू शकतं.

१३७ व्याचंही तसंच. यरुशलेम पडल्यावर, म्हणजे इसवी सनापूर्वी सहाव्या शतकात, बाबेलला नेलेल्या बंदिवानांचं हे गीत. नऊच वचनं. यादीत 'मायभूमीची आठवण'. 'रिव्हर्स ऑफ बॅबिलॉन' हे गाणं मेलोडियन्सनी १९७० साली आणि मग बोनी एमनं १९७८ साली गायलं. आपल्याकडेही पार्ट्यांत त्यावर पाय थिरकले आहेत. त्या गाण्यात या स्तोत्राचा पहिला भाग तेवढा आहे. शेवटची वचनं कुठल्याही पार्टीत गाता येणार नाहीत, कारण तिथे शत्रूच्या तान्ह्या पोरांना खडकावर आपटण्याची गोष्ट आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर कॅथलिक चर्चनं रोजच्या प्रार्थनेचं नवं पुस्तक केलं, तेव्हा ५८, ८३ आणि १०९ ही शापांची स्तोत्रं पूर्ण गाळली आणि १३७ व्याचा हा शेवटही गाळला. प्रार्थनेपुरता तो निर्णय मी समजू शकतो. पण आशय शोधताना शेवट गाळून चालत नाही. घर, मुलंबाळं, गाणं, सगळं हिरावून घेतलेल्या माणसाच्या मनात आठवणीच्या शेजारीच सूड वाढतो, हे त्या स्तोत्राला माहीत आहे. ते मान्य करायला आपल्याला अवघड जातं म्हणून आपण 'मायभूमीची आठवण' म्हणतो आणि पुढचं पान उलटतो.

यादीच्या बाजूनं बोलायचं तर दोन गोष्टी मान्य करायलाच हव्यात. एक, दीडशे गीतांच्या रानात नवख्या माणसाला पाटी लागतेच. आणि दोन, काही स्तोत्रांना एक शब्द खरोखरच पुरतो. ११७ आणि १५० यांना स्तुती याखेरीज काही म्हणायचं नाही, ती उगाच खणत बसू नयेत. अभ्यासकांनीही सोयीच्या पाट्या केल्याच. वॉल्टर ब्रुगमन या अमेरिकन अभ्यासकानं १९८४ सालच्या पुस्तकात तीनच खण केले : घडी बसलेली असतानाची स्तोत्रं, घडी विस्कटल्याची, आणि नव्यानं बसल्याची. मला हे खण आवडतात ते याचसाठी, की ते विषयाचे नाहीत, प्रवासातल्या टप्प्यांचे आहेत.

मग करावं काय? वहीत दीडशे ओळी लिहिताना मी स्वतःपुरते चार प्रश्न ठरवले होते. कोण कोणाशी बोलतंय, आणि मध्येच ते बदलतं का? सुरुवात कुठे, शेवट कुठे, आणि वळण असलं तर कितव्या वचनात? पुन्हा पुन्हा काय येतं? आणि शेजारी कोणतं स्तोत्र आहे? एवढं झालं की विषय नामात लिहायचा नाही, क्रियापद असलेल्या वाक्यात लिहायचा. वहीतली काही वाक्यं इथे देतो.

१३ : विसरला गेलेला माणूस विचारत विचारत गाण्यापर्यंत येतो.

२३ : काळोखात शिरताना 'तो' चा 'तू' होतो.

७३ : दुसऱ्याच्या सुखानं पोळलेला माणूस मंदिरात जातो आणि वेगळा हिशोब घेऊन बाहेर पडतो.

८८ : उत्तर येत नाही, तरी बोलणं थांबत नाही.

१०५ : त्यानं शब्द पाळला.

१०६ : आम्ही नाही पाळला.

१३३ : भाऊ एकत्र राहतात तेव्हा सुख तेलासारखं, दंवासारखं वरून खाली उतरतं.

१३७ : गाणार नाही म्हणणारी माणसं तेच गाण्यात सांगतात, आणि सूडही लपवत नाहीत.

ही वाक्यं अंतिम आहेत असा माझा अजिबात दावा नाही. तुमची वेगळी येतील, यायलाच हवीत. अथनासियस म्हणतो तसा आरसा असेल तर प्रत्येकाला थोडं वेगळं दिसणारच. फक्त ते दिसलेलं स्तोत्रातल्या शब्दांवरून दाखवता आलं पाहिजे, नाहीतर मग आरशात नुसते आपणच उरतो.

कधी वाटलं तर करून बघा. एक स्तोत्र घ्या, फार मोठं नको. वरचं संपादकाचं शीर्षक बोटानं झाका. सावकाश दोनदा वाचा आणि एक वाक्य लिहा, क्रियापदासकट. मग बोट काढा. छापील शब्द आणि तुमचं वाक्य जुळलं तर उत्तम. नाही जुळलं तर घाईनं आपलं वाक्य खोडू नका. स्तोत्र परत एकदा शेवटपर्यंत वाचा, आणि मग काय ते ठरवा.